फाट्यापासून चालत येणारी अकरा नंबर

ताई,
मी १७ वर्षांची, अकरावीत आहे. फलटण तालुक्यात राहते. दादा आणि मी दोघंही हॉकी खेळायचो. दादा फुल बॅक, म्हणजे बचावात. शॉर्ट कॉर्नरला (पेनल्टी कॉर्नरला) ड्रॅग फ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन गोलात फेकणं, त्याचीच. गेल्या हंगामात रात्री त्याची गाडी रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. आता मी त्याच्याच स्टिकने खेळते. त्याची उंची पाच फूट दहा, माझी पाच दोन. मनगट दुखतं, पण दुसरी स्टिक घ्यावीशी वाटत नाही. ग्रिपसुद्धा बदललेली नाही. त्याचा अंगठा असायचा तिथे ती काळी, गुळगुळीत झालीय. नंबरही त्याचाच घेतलाय, अकरा. मी आधी लेफ्ट विंगला होते, आता सरांना सांगून ड्रॅग फ्लिक शिकतेय, कारण त्याला ज्युनिअर नॅशनल खेळायचं होतं. सर मॅचआधी म्हणतात, भावाचा चेहरा डोळ्यासमोर आण. गोल झाला की बरं वाटतं, चुकला की दोन-दोन दिवस जेवण जात नाही. पुढच्या महिन्यात पिंपरीला राज्याच्या ट्रायल आहेत आणि नेमकं त्याच दिवशी दादाचं वर्षश्राद्ध आलंय. चुलते म्हणतात, आता घरात तू एकटी राहिलीस, त्या दिवशी तूच नसलीस तर लोक काय म्हणतील. पप्पा त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. आई काहीच बोलत नाही. त्या रात्री दादा मलाच आणायला निघाला होता, माझी शेवटची एसटी चुकली होती. आता मी कुणालाच न्यायला बोलवत नाही, फाट्यापासून दोन किलोमीटर चालत येते. मी ट्रायलला जाऊ का?

(नाव-गाव छापू नये.)

अकरा नंबर,

नाव नको म्हणालीस, म्हणून ही हाक. आधी स्टिकचं बोलू, बाकीचं मागून.

साडेसदतीस इंची असणार ती, आणि वाक खाली, पात्याकडे उतरलेला. ड्रॅग फ्लिक मारणारे मुद्दाम अशीच घेतात. चेंडू त्या वाकात धरून ओढत नेता येतो. नियमात वाक २५ मिलीमीटरपर्यंत चालतो, लांबी १०५ सेंटीमीटर आणि वजन ७३७ ग्रॅमपर्यंत. तेव्हा अंपायर तुझ्या स्टिकला काही म्हणणार नाही. म्हणतंय ते तुझं मनगट, आणि त्याचं कुणी ऐकत नाही. ड्रिबल करताना स्टिकचं वरचं टोक पोटाला लागतं का? मग नकळत वरचा हात चार बोटं खाली सरकवून धरत असशील. म्हणजे स्टिक लांब ती लांबच, वर धरायची जागाही चुकीची. आणि ग्रिप गुळगुळीत, घाम आला की सटकणारी. एवढ्यावर तू वर्षभर खेळलीस आणि गोलही केलेस, याबद्दल तुला शाबासकी द्यावी की कान धरावा, मला ठरवता येत नाही.

साडेछत्तीसची घे. दुकानात भिंतीवरच्या किमती आणि रंग बघू नकोस. डाव्या हाताने वरचं टोक धर, एकाच हाताने आडवी तोलून बघ, पातं लगेच खाली झुकलं तर ठेवून दे. पैशाची अडचण असेल तर वापरलेली घे. मी पुण्याच्या खडकीची. आमच्याकडे नवी स्टिक ही दिवाळीतसुद्धा मिळायची वस्तू नव्हती. तुटलेल्या स्टिकला दोरी गुंडाळून खेळलेली पोरं पुढे भारताकडून खेळली, धनराज पिल्ले त्यातलेच. तेही थोरल्या भावाच्या, रमेशच्या मागोमाग मुंबईला हॉकी खेळायला गेले होते. भावाच्या पाठीमागे हॉकीत येणं आमच्या खडकीत नवीन नाही.

दादाच्या स्टिकची ग्रिप मात्र बदलू नकोस. ती स्टिक ठेवायची आहे. खेळायची नाही.

आता ड्रॅग फ्लिक. ती शिकू नकोस असं मी म्हणणार नाही. शॉर्ट कॉर्नरला पहिला फटका सरळ हिट मारला, तर चेंडू गोलरेषा ओलांडताना गोलातल्या ४६० मिलीमीटर उंच फळीपेक्षा वर जाऊन चालत नाही. फ्लिकला ते बंधन नाही, वरच्या कोपऱ्यातही टाकता येते. म्हणून प्रत्येक संघाला फ्लिकर हवी असते आणि मुलींमध्ये जोरकस फ्लिक मारणाऱ्या कमीच. पण हे कमरेचं आणि पुढच्या गुडघ्याचं काम आहे. सतराव्या वर्षी, लांब स्टिक घेऊन, रोज संध्याकाळी मुरमावर अंधार पडेपर्यंत फ्लिक मारत बसलीस, तर विशीत फिजिओच्या टेबलावर जाशील. सरांबरोबर बसून आठवड्याला किती मारायच्या हे ठरव आणि तेवढ्याच मार.

दुसरं, ट्रायलचा विचार कर. तिथे शे-दीडशे मुली असतील, प्रत्येकीला थोडाच वेळ मिळेल. निवड करणाऱ्यांपुढे तू कोण म्हणून उभी राहणार? वर्षभराची फ्लिकर की कित्येक वर्षांची लेफ्ट विंग? फॉर्मवर पोझिशनच्या रकान्यात लेफ्ट विंग लिही. ही तुझी जागा आहे आणि ती तू दादा असतानाच कमावलेली आहेस. तुझ्याच तालुक्यातल्या वाखरीची अक्षता ढेकळे आणि आसूची वैष्णवी फाळके सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून भारतीय संघापर्यंत पोहोचल्या. फलटणकडून आलेल्या मुलीकडे निवड करणारे आता जरा सरसावूनच बघतात. त्यांना चांगलं काय ते दाखव.

तुझ्या सरांविषयी मला राग नाही. त्यांना पेटवायचं असतं, आणि तुझ्याकडे काडी आयती आहे. पेपरवालेही तेच करतात. २०२१ मध्ये हॉकीपटू वंदना कटारियाचे वडील वारले. ती बंगळुरूच्या शिबिरात होती, करोनाचे दिवस, हरिद्वारजवळच्या रोशनाबादला अंत्यदर्शनालाही जाता आलं नाही. पुढे टोकियोत ३१ जुलैला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने तीन गोल केले, भारत ४-३ जिंकला. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय महिला हॉकीपटू. दुसऱ्या दिवशी सगळीकडे बाप आणि हॅटट्रिक एकाच मथळ्यात.

मथळा खोटा नव्हता. पण त्या दिवशी ती २९ वर्षांची होती, दहा वर्षांहून जास्त काळ भारताकडून खेळत होती. २०१३ च्या ज्युनिअर विश्वचषकात भारताला ब्राँझ मिळालं, तेव्हा संघात सगळ्यात जास्त गोल तिचे होते, आणि तेव्हा वडील गावी धडधाकट होते. गोलरक्षकाच्या पॅडजवळ स्टिकचं टोक नुसतं लावून चेंडूची दिशा बदलणं हे तिला दुःखाने शिकवलेलं नाही. २०२५ मध्ये ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर ३२० आंतरराष्ट्रीय सामने होते. त्या एका सामन्यात वडील असतील. उरलेले ३१९ ती कशासाठी खेळली? आवडतं म्हणून खेळली असणार, दुसरं काय. तुझ्या पत्रात सगळं आहे, पण हॉकी तुला आवडते का, हे कुठेच नाही. पूर्वी आवडत असणार. एसटी चुकेपर्यंत मैदानावर थांबणारी मुलगी उगाच थांबत नाही.

तेव्हा सरांना जाऊन एवढंच सांग: ‘सर, मॅचआधी दादाचं नाव नको. समोरच्या टीमची राइट बॅक कुठल्या पायावर कच्ची आहे, ते सांगा.’ चांगले असतील तर ऐकतील. लाजून थोडे गप्पही बसतील.

माझं सांगते, कारण माझीही एकदा फजिती झालेली आहे. आई गेली तेव्हा मी विद्यापीठाच्या संघात होते, राइट हाफ. तेरावा झाला आणि आठवड्याभरात स्पर्धा. मॅचआधी सगळ्यांनी दंडाला काळी फीत लावली. कुणीतरी म्हणालं, आज आईसाठी. मी मैदानभर धावले. चेंडू जिथे, तिथे मी. बाहेरून टाळ्या येत होत्या. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्यांनी एक लांब पास टाकला, तो बरोबर माझ्या रिकाम्या जागेत. त्यांची लेफ्ट विंगर एकटी डीपर्यंत, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळापर्यंत, चालत गेल्यासारखी गेली. मी त्या वेळी पार पलीकडे, त्यांच्या पंचवीस यार्डात, डाव्या बाजूला. त्या दिवशी आईसाठी एक मुलगी खेळत होती, राइट हाफला कुणीच नव्हतं. पुढच्याच मिनिटाला मी कुणाच्या तरी नडगीवर स्टिक घातली. पिवळं कार्ड, पाच मिनिटं बाहेर. खुर्चीवर बसून बुटाची नाडी सोडत होते आणि बांधत होते. दहा जणींवर आणखी एक गोल झाला.

मैदानावर तू लेफ्ट विंगची जागा सोडून दादाच्या जागेवर जाऊन उभी राहिली आहेस, म्हणून हे आठवलं.

आणि आता ती ओळ, जी तू पार शेवटाकडे लिहिलीस. त्या रात्री तो मलाच आणायला निघाला होता.

पोरी, एसटी रोज कुणाची तरी चुकते. भाऊ रोज कुणाला तरी आणायला जातात. काळोख्या रस्त्यावर, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, कडेला घ्यायचं भान नाही, अशी भरलेली ट्रॉली सोडून जाणं हे तू केलं नाहीस. कारखाने सुरू झाले की आपल्याकडच्या पेपरात आतल्या पानावर ही बातमी हमखास येते. गाव वेगळं, पोरगं वेगळं, ट्रॉली तशीच. त्यातल्या प्रत्येक घरात कुणीतरी बसलेलं असतं जे म्हणतं, मी त्याला पाठवलं नसतं तर. दूध आणायला पाठवलेलं असतं, लग्नाची पत्रिका द्यायला पाठवलेलं असतं. तुझ्या शेजारच्या घरात हे घडलं असतं तर त्या बहिणीला तू काय म्हणाली असतीस, ते आठव जरा.

तू गेलं वर्षभर हॉकी खेळत नाहीस, फेडते आहेस. सोसायटीचं कर्ज फेडावं तसं. गोल झाला की हप्ता भरला, म्हणून बरं वाटतं. चुकला की थकबाकी, म्हणून जेवण जात नाही. ज्युनिअर नॅशनल खेळलीस तरी ते फिटणार नाही. मग सीनिअर लागेल, मग भारताची जर्सी. मुद्दल कमीच होत नाही, कारण असलं कर्ज तुझ्या नावावर कुणी काढलेलंच नाही. दादाने तर नाहीच. बहिणीला आणायला निघालेला भाऊ वही घेऊन निघत नाही.

हे माझ्या एका उत्तराने उतरणार नाही, एवढं मला कळतं. वर्ष होत आलं तरी दोन-दोन दिवस अन्न जात नसेल, तर कुणाशी तरी नीट, पुन्हा पुन्हा बोलायला हवं. १४४१६ हा सरकारचा टेली मानसचा नंबर आहे. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. वेड लागलेल्यांसाठी असतं ते, असं कुणी म्हणालं तर त्यांना विचार, मनगट दुखलं की डॉक्टरकडे जाणारे काय लंगडे असतात का.

आता तुझा प्रश्न. जाऊ का?

पहिल्यांदा हे विचार, वर्षश्राद्ध तिथीने त्या दिवशी येतंय की तारखेने. दोन्हींत बऱ्याचदा काही दिवसांचं अंतर पडतं. विधी तिथीला आणि प्रथम पुण्यस्मरणाचं कीर्तन दुसऱ्या दिवशी, असंही घरोघर होतं. पाहुण्यांना सुट्टी मिळावी म्हणून ‘फुले दुपारी १२ वाजता’ रविवारवर ढकललेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत, त्यात सोयरेही होते आणि पुढारीही. पुढाऱ्याच्या सोयीने दिवस बदलतो, तर घरच्या मुलीसाठी बदलता येतो का, एवढं विचारायला हरकत नाही. पत्रिका छापायला जाण्याआधी विचार, नंतर कुणी ऐकणार नाही.

नाहीच बदलला, तर माझं मत आहे की जावंस. पण हे माझं मत आहे. ज्यांच्यावर अशी वेळ आली त्यांनी एकसारखं केलेलं नाही. २०१९ च्या जूनमध्ये हिरोशिमाला स्पर्धा चालू असताना, सेमीफायनलच्या आदल्या दिवशी भारतीय हॉकी संघातल्या लालरेमसियामीचे वडील हृदयविकाराने गेले. १९ वर्षांची मुलगी, घर पार मिझोरामच्या कोलासिबला. ती थांबली. चिलीविरुद्ध सेमीफायनल खेळली, जपानविरुद्ध फायनल खेळली, भारत ३-१ जिंकला, मग घरी गेली. सचिन तेंडुलकरचे वडील १९ मे १९९९ ला गेले, वर्ल्ड कप चालू होता. तो सामना सोडून मुंबईला आला, सगळं केलं, आईने परत जा म्हटल्यावर गेला आणि २३ तारखेला केनियाविरुद्ध १४० नाबाद. आपल्या घरांत ती १४० सगळ्यांना पाठ आहे. तो झिम्बाब्वेचा सामना खेळला नाही आणि भारत तीन धावांनी हरला, हे कुणी काढत नाही, आणि बरंच आहे. वंदनाला तर निवडायलाच मिळालं नाही. एक थांबली, एक येऊन गेला, एकीला येताच आलं नाही. यातल्या कुणाचं वडिलांवर कमी प्रेम होतं, असं तुझे चुलते तरी म्हणतील का?

तेव्हा चुलत्यांना कळव. परवानगी मागायची ती आईची.

आईबद्दल तू चारच शब्द लिहिलेस. चुलत्यांना सबंध वाक्य, सरांना वाक्य, स्टिकच्या ग्रिपला वाक्य, आणि आई काहीच बोलत नाही, संपलं. मला वाटतं, तिच्या गप्प बसण्याचा अर्थ तू मनात लावून टाकला आहेस आणि तो विचारायची तुला भीती वाटते. तो अर्थ बरोबर आहे की चूक, मला इथून दिसत नाही. पण गावाकडच्या आया वर्षभर गप्प बसतात त्याला शंभर कारणं असतात. त्यातलं एक असं असतं की दुसरं पोरगं रात्री फाट्यापासून अंधारात एकटं चालत येतं आणि त्याला काही बोलायची सोय नसते.

समोरासमोर बसून विचारू नकोस, दोघींनाही झेपणार नाही. ती शेंगा फोडत असेल, भाजी निवडत असेल, तेव्हा शेजारी बसून हात चालव आणि ट्रायलचं काढूच नकोस. विचार, ‘आई, मी नवी स्टिक घेणार आहे. दादाची कुठे ठेवू?’ पुढचं तिला बोलू दे. रडली तर रडू दे, उठून गेली तर जाऊ दे, दुसऱ्या दिवशी परत बस. ट्रायलचा विषय तिच्यापुढे आपोआप निघेल. आणि सगळं ऐकून ती म्हणाली, त्या दिवशी मला तू घरात हवीस, तर घरात राहा. चुलत्यांच्या लोकांसाठी नको, तिच्यासाठी राहा. अंडर-१९ मध्ये तुला अजून वेळ आहे, ट्रायल पुढच्या वर्षीही होतील. जा म्हणाली तर सकाळची पहिली गाडी पकड, आणि जाताना फोटोला हार घालून ‘गोल करून येते’ असलं काही बोलून निघू नकोस. ‘येते’ म्हण आणि नीघ.

एक राहिलं. फाट्यापासूनचं चालणं उद्यापासून बंद. तुला वाटतं, कुणाला बोलावलं नाही की कुणाला काही होणार नाही. दोन किलोमीटर, हंगामाचा रस्ता, त्याच ट्रॉल्या, आणि अंगावर गडद ट्रॅकसूट. एसटीत बसल्यावर पप्पांना फोन लाव. म्हण, मला न्यायला या, गाडी सावकाश आणा, घाई नाही. उतरलीस की फाट्यावरच्या टपरीपाशी उजेडात उभी राहा. त्यांना यायला दहा मिनिटं लागतील. ती दहा मिनिटं तुला फार जड जातील. थांब तेवढी.

– ताई